चोविसाव्या दिवशी आलेले शंभर जण: वॉटर कपच्या महाश्रमदानातली कंपनी, गाव आणि डिझेल

सत्यमेव जयते वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस २०१७ पासून ८ एप्रिलला सुरू होत आणि २२ मे रोजी संपत. त्यात १ मे हा चोविसावा दिवस. सुरुवातीचा जोर तोवर ओसरलेला असतो. लग्नसराई सुरू असते, ऊन चाळिशीच्या पुढे गेलेले असते आणि पहिल्या आठवड्यात फावडे घेऊन धावणारे निम्मे लोक घरी बसलेले असतात. २०१८ मध्ये ही स्पर्धा भरवणाऱ्या पानी फाउंडेशनने शहरातल्या लोकांना ‘जलमित्र’ म्हणून नोंदणी करायला सांगितली आणि महाश्रमदानासाठी नेमका हाच दिवस ठरवला. मुंबई-पुण्याहून लोक आले, त्यांतले बरेच कंपन्यांच्या तुकड्या करून आले. अशा एका तुकडीचा एक दिवस इथे तपासला आहे. पुण्यातल्या कंपनीचे शंभर कर्मचारी, साताऱ्याच्या माण तालुक्यातले पर्जन्यछायेतले एक गाव, आणि सकाळचे अडीच-तीन तास. तुकडीची संख्या आणि दर हिशोबासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशोब करून पाहावा.

आधी कोण काय देते हे स्पष्ट हवे, कारण कंपन्यांची पहिली गफलत इथेच होते. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली होती. पण संस्था गावाला कामासाठी पैसे देत नसे. ती गावातल्या पाच जणांना, त्यांत किमान दोन महिला, चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण देई, मोजमाप करी आणि शेवटी बक्षीस देई. खोदकाम, दगड, यंत्र, डिझेल हे सगळे गावाने उभे करायचे. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने श्रमदान करणाऱ्या गावांना यंत्रे मोफत दिली, तर राज्य सरकारने इंधनासाठी गावाला दीड लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. कंपनीला हात घालायला जागा उरते ती या सगळ्यांच्या मधल्या फटींत. त्या फटी नेमक्या कुठे आहेत हे त्या पाच प्रशिक्षित लोकांना माहीत असते. फोन करायचा तो त्यांना.

शंभर जणांनी किती खोदले?

डोंगरउतारावरचा सलग समतल चर, गावच्या भाषेत सीसीटी, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे एक मीटर लांबीला ०.१८ घनमीटर माती. पुण्याहून माणपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. सहाला काम सुरू करायचे तर बस रात्री दीड-दोनला निघते आणि माणसे न झोपता पोचतात. मुरमाड जमिनीत असा माणूस अडीच तासांत, विश्रांती धरून, पाव घनमीटर काढतो. शंभर जण मिळून २५ घनमीटर, म्हणजे जेमतेम १४० मीटर चर.

तेवढेच काम जेसीबी तासाभरात करतो. पोकलेनला अर्धा तास पुरतो.

आता दोन बसचे भाडे ३०,००० रुपये धरू. २०१८ च्या उन्हाळ्यात डिझेल लिटरला ७० रुपयांच्या आसपास होते. वीस टनी पोकलेन तासाला पंधरा लिटर पिते. बसच्या पैशात ४२८ लिटर डिझेल आले असते, पोकलेन २८ तास चालले असते आणि तासाला ५० घनमीटर धरले तरी १,४०० घनमीटर खोदकाम झाले असते. यंत्र मोफत मिळालेल्या गावाला हा फरक डोळ्यांत खुपण्याइतका मोठा आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने हा हिशोब निघण्याआधी करावा आणि सहकाऱ्यांसमोर मांडावा. तो लपवून नेलेली माणसे परतताना ‘आम्ही गावाला पाणी दिले’ असे मनात घेऊन जातात, आणि ते खरे नसते.

तरीही बस पाठवू नये असा निष्कर्ष चुकीचा आहे. चोविसाव्या दिवशी पाहुणे येणार म्हटल्यावर गावातले घरी बसलेले लोक बाहेर पडतात. एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारे दोन गट त्या दिवशी एकाच उतारावर येतात, कारण पाहुण्यांसमोर गावची इज्जत असते. गावचे ३०० लोक त्या एका सकाळी जास्तीचे आले आणि त्यांतले शंभर दुसऱ्या दिवशीही आले, तर उरलेल्या एकवीस दिवसांत ते जे खोदतील ते शहरातल्या तुकडीच्या कामाच्या कितीतरी पट असते. पाहुण्यांचे खरे काम हे आहे. म्हणून दिवस आखताना एकच प्रश्न विचारायचा: या भेटीमुळे गावकऱ्यांचे हात वाढतात की अडकतात?

गावाचे हात कसे अडकतात

पहिली गोष्ट हत्यारे. गावात टिकाव-फावडी मोजकी असतात. शंभर पाहुणे आले की गावकरी सौजन्याने आपल्या हातातले टिकाव पुढे करतात आणि बाजूला उभे राहतात. तासाला अर्धा घनमीटर काढणारा माणूस थांबतो आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या वेगाचा माणूस त्याच हत्याराने खोदू लागतो. त्या सकाळचे एकूण काम वाढण्याऐवजी घटते. यावर उपाय सोपा आहे. कंपनीने आपली हत्यारे आणायची आणि गावाला देऊन जायची. चर खोदायचा असेल तर चौघांचा एक गट: एक टिकाव, एक फावडे, दोन घमेली. शंभर जणांना २५ टिकाव, २५ फावडी, ५० घमेली आणि दहा-बारा जादा दांडे. नवे टिकाव विकत आणून थेट कामाला लावले तर पहिल्या तासात दांडे निसटतात. आदल्या रात्री डोक्याची बाजू पाण्यात भिजत ठेवली की लाकूड फुगून घट्ट बसते.

दुसरी गोष्ट भाकरी. शंभर माणसे आपल्या गावात उपाशी राबतील हे गावाला सहन होत नाही. कोणी न सांगता पहाटे तीनला चुली पेटतात. तीस-चाळीस बायका पिठले-भाकरी करायला बसतात, आणि श्रमदानाच्या जागी रोज सगळ्यांत नेटाने काम करणाऱ्या याच बायका असतात. त्या सकाळी त्या चुलीपाशी अडकतात. जेवण बाहेरून आणले तर गाव दुखावते, हेही खरे. मधला मार्ग असा: आठ दिवस आधी गावातल्या महिला बचत गटाशी बोलून ताटाचा दर ठरवायचा, पैसे आगाऊ द्यायचे आणि जेवण अकरानंतर ठेवायचे, म्हणजे स्वयंपाक श्रमदान उरकून करता येतो. सकाळी सहाला तुकडीने स्वतःचे केळे, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की खावी.

तिसरी गोष्ट पाणी, आणि ही सगळ्यांत लाजिरवाणी. गाव टँकरवर असते. पाहुणे हातपाय धुतात, बाटल्या भरतात, टाकी रिकामी होते. माणशी तीन लिटर पिण्याचे, म्हणजे ३०० लिटर, वीस लिटरचे १५ जार पुण्याहूनच न्यावेत. ओआरएसची पाकिटे, स्टीलचे पेले आणि रिकामे जार परत नेण्याची जबाबदारी घेणारा एक माणूस सोबत हवा. प्लास्टिकच्या लहान बाटल्या नेऊच नयेत. त्या चरातच सापडतात.

आणि तारीख. १ मे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, सुट्टी असल्यामुळे कंपनीला सोयीचा. पण त्याच सकाळी ग्रामपंचायतीत आणि शाळेत झेंडावंदन असते, त्याच दिवशी ग्रामसभा असते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा निकालही. सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी सगळे आठच्या सुमाराला उतारावरून निघून जातात. त्या तासाभरात मोजमाप दाखवायला कोण थांबणार हे आधी ठरले नाही, तर काम दिशाहीन होते. उलट, ग्रामसभा त्याच दिवशी असल्याचा फायदाही घेता येतो. कंपनी पुढे कोणत्या कामाला किती पैसे देणार हे तिथेच वाचून दाखवावे आणि ठराव लिहून घ्यावा. नंतर सत्ताबदल झाला तरी कागद राहतो.

पाहुण्यांना कोणते काम द्यावे

खोदकामात शहरातले हात सगळ्यांत कमी उपयोगाचे. दगड वाहण्यात मात्र ते यंत्राच्या बरोबरीला येतात, कारण अरुंद ओघळीत जेसीबी शिरत नाही. म्हणून शंभर जणांना अनगड दगडी बांधाचे, म्हणजे न घडवलेले दगड ओघळीत आडवे रचून घालायच्या बांधाचे, काम द्यावे.

रांग लावून हाताहाती दगड पुढे सरकवायचे. ४५ जणांची एक रांग साधारण ४०-४५ मीटर पुरते. दर पाच सेकंदांनी सहा किलोचा दगड पुढे गेला तर तासाला चार टनांहून थोडा जास्त माल पोचतो. रचलेल्या दगडाचे वजन घनमीटरला १.६ टन धरले तर एका रांगेचे तासाला अडीच घनमीटरच्या आसपास. दोन रांगा, अडीच तास, मधल्या विश्रांती आणि घोळ वजा जाता दहा घनमीटर हाती लागतात. आता बांध पाहा: उंची ७५ सेंटिमीटर, माथा ५० सेंटिमीटर, पाणी येते त्या बाजूला एकास एक उतार (जेवढी उंची तेवढीच आडवी लांबी), पाणी जाते त्या बाजूला एकास दोन. पाया पावणेतीन मीटर रुंद होतो आणि छेदाचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर. चार मीटर रुंदीच्या ओघळीला पाच घनमीटर दगड. म्हणजे एका सकाळी दोन बांध पूर्ण होतात. ‘आपण केले’ असे दाखवता येईल, मोजता येईल आणि पहिल्या पावसात तपासता येईल असे हे काम आहे.

हे जमायचे तर आदल्या आठवड्यात गावाने तीन गोष्टी केलेल्या हव्यात. पाया ३० सेंटिमीटर खोल आणि दोन्ही काठांत अर्धा मीटर आत खणलेला हवा. फक्कीने आखणी झालेली हवी. आणि दगड पन्नास मीटरच्या आत, शेतकऱ्यांनी बांधावर काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांतून गोळा केलेला हवा. उतारावरचा रुतलेला दगड उपटून आणायचा नाही. तोच तिथली माती धरून बसलेला असतो. दोन बांधांतले अंतरही आधी ठरवावे लागते: खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत. ओघळीचा उतार पाच टक्के असेल तर पाऊण मीटर उंचीच्या बांधांत पंधरा मीटर अंतर पडते. आणि ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगराच्या वरून खाली, हा क्रम मोडायचा नाही. रस्त्याजवळ, फोटोला सोयीची म्हणून खालची ओघळ आधी घेतली तर वरून सुटलेले पाणी पहिल्याच मोठ्या सरीत सगळे घेऊन जाते.

रचताना चूक हमखास कुठे होते? मध्यभागी. शहरातली माणसे बांध भिंतीसारखा सरळ आणि मध्ये उंच करतात, कारण दगड मध्येच येऊन पडतात. बांधाचा मधला भाग काठांपेक्षा ३० सेंटिमीटर खाली हवा, तोच सांडवा. तसे नसेल तर पाणी काठ खाऊन बाजूने नवी वाट काढते आणि बांध कोरडा उभा राहतो. मोठे दगड पायाला आणि बाहेरच्या दोन्ही अंगांना, लहान आत, चिपा फटींत. गोल गोटे कुठेही नाहीत. प्रत्येक बांधावर रचणारे गावचे दोन अनुभवी हात असावेत आणि पाहुण्यांनी फक्त पुरवठा करावा.

दगडाखाली विंचू असतो. ढिगातला दगड थेट हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलथायचा. बंद बूट, जाड हातमोजे, आठ-दहा पहारी. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आदल्या दिवशी फोन करून विंचू-सर्पदंशावरचे औषध आहे का विचारावे आणि एक गाडी सावलीत, तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवावी. नऊ-साडेनऊला काम बंद. अजून उत्साह आहे म्हणून दहा-साडेदहापर्यंत ताणणारी तुकडी उष्माघाताला बोलावणे धाडते.

चरच खोदायचा असेल तर दोनच गोष्टींवर डोळा ठेवावा. माती उताराच्या खालच्या बाजूला, कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून टाकायची. नवखी माणसे ती वरच्या बाजूला टाकतात आणि ती पहिल्या पावसात परत चरात येते. आणि हायड्रोमार्करने, म्हणजे एका पातळीतल्या जागा दाखवणाऱ्या पाण्याच्या नळीने, आखलेली रेषा सोडायची नाही. वाटेत दगड लागला म्हणून वीतभर खाली सरकलेला चर त्या जागी पाणी गोळा करतो आणि तिथेच फुटतो.

कंपनीचा पैसा कुठे लागावा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चायचे असतात. मृद-जलसंधारण आणि ग्रामविकास दोन्ही त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे अशा कामांच्या यादीत, बसतात. पण श्रमदानाचा दिवस यात बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या श्रमाची किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम धरले जात नाहीत, हे तर २०१४ च्या परिपत्रकापासूनच आहे. बस, टी-शर्ट, नाश्ता हा मनुष्यबळ विभागाचा खर्च म्हणूनच ठेवावा. सीएसआरचा पैसा वेगळा, तो उतारावर जायला हवा.

तो वेळेवर जात नाही, ही या प्रकरणातली सगळ्यांत जुनी अडचण. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाची सीएसआर समितीची बैठक जून-जुलैत होते. गावाला डिझेल लागते ते एप्रिल-मेमध्ये. जुलैत मंजूर झालेला पैसा चिखलात काय करणार? २०२१ च्या सुधारणांनंतर यावर वाट आहे. काम एक वर्षाहून लांबीचा ‘चालू प्रकल्प’ म्हणून आधीच मंजूर करून घ्यायचे. मार्चअखेर न खर्चलेली रक्कम ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या अखर्चित खात्यात टाकायची आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. निर्णय डिसेंबर-जानेवारीत झाला तरच हे जमते.

पैसा घेणार कोण, हाही प्रश्न आहे. गावची जलसमिती नोंदणीकृत नसते. स्थानिक संस्थेमार्फत द्यायचा तर तिला किमान तीन वर्षांचा अनुभव, प्राप्तिकर कायद्याखालची १२अ आणि ८०ग नोंदणी, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा, म्हणजे मंत्रालयाकडच्या नोंदणीचा, क्रमांक लागतो. तालुक्यात अशी संस्था नसेल तर कंपनी स्वतःही काम राबवू शकते. डिझेलच्या बाबतीत तोच मार्ग बरा वाटतो. तालुक्याच्या गावच्या पेट्रोल पंपावर कंपनीच्या नावे खाते उघडायचे, गावाला शंभर-शंभर लिटरच्या चिठ्ठ्या द्यायच्या, बिल थेट कंपनीला. गावात कोणाच्या हातात रोख येत नाही, त्यामुळे कोणावर बोटही उठत नाही.

चिठ्ठीमागे अट एकच: आधी श्रमदान, मग यंत्र. गावाने इतके घनमीटर हाताने खोदले की इतक्या तासांचे डिझेल. नुसते डिझेल दिले की पोकलेन येते, लोक पारावर बसतात आणि यंत्रचालक सोयीचे तेवढे खोदून जातो. वही साधी ठेवावी: तारीख, यंत्राच्या तासमीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, टाकलेले लिटर, जागा, दोघांच्या सह्या, त्यांतली एक प्रशिक्षण घेतलेल्या महिलेची. तासाला पंधराऐवजी बावीस लिटर लागत असतील तर गळती यंत्रात आहे की डब्यात, हे त्याच दिवशी समजते. आणि ओढा खोल करताना मुरूम संपून कठीण खडक लागला की थांबायचे, हे चालकाला तोंडी नाही, लेखी द्यायचे. डिझेल उरले आहे म्हणून खोदत राहण्याने ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी ओढ्यात उतरल्याची उदाहरणे आहेत.

हजार-दोन हजार रुपयांत होणारे, तरी कोणी न देणारे एक काम आहे: हायड्रोमार्करची नळी, ५० मीटरचे टेप, मोजमापाच्या वह्या, आणि मोजणी करणाऱ्या दोघांच्या मोटारसायकलचे पेट्रोल. यंत्राला देणगी देणारे भेटतात, मोजणाऱ्याला कोणी देत नाही. तो थकला की रेषा चुकते.

तुकडीत कोणाला न्यायचे हेही ठरवून घ्यावे. माण-खटावची कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्यात आहेत, माथाडीपासून कार्यालयापर्यंत. कंपनीत त्या तालुक्याचे चार-पाच जण असतातच. त्यांना पुढे करावे. आपल्या चुलत्याला ‘काका, सांडवा खाली घ्या’ हे तेच म्हणू शकतात, आणि दिवाळीला गावी गेल्यावर बांध जागेवर आहे का ते तेच पाहून येतात.

दुसरी खेप जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसांनी. बस नको, एका गाडीत पाच जण पुरेत. दोन्ही बांधांच्या काठाशी माती कापली गेली आहे का, मधला सांडवा वाहिला का, दगड किती सरकले, वरच्या बाजूला किती सेंटिमीटर गाळ बसला, हे टेपने मोजून वहीत लिहावे. सरकलेले दगड त्याच दिवशी परत रचावेत, कारण दुसऱ्या सरीपर्यंत भोक दुप्पट होते. ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत ओघळीखालच्या तीन विहिरींची पाणीपातळी काठापासून दोरीने मोजावी, दरवेळी काठावरच्या त्याच खुणेपासून. ती खूण १ मे रोजी, झेंडावंदनाहून परत आलेल्या सरपंचांसमोर, ऑइलपेंटने करून ठेवलेली हवी.